कातळावरची वाट आणि हायवेवरचा ब्रेक

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार. देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे. गेल्या वर्षी 2021 ची इसुझू व्ही-क्रॉस, फोर बाय फोर, सेकंड हँड घेतली. टायर 255/60 आर 18, गाडीबरोबर आलेलेच. नक्षी संपत आलीय. त्यात एप्रिलमध्ये बागेच्या वाटेवर एक टायर बाजूने फाटला, तेव्हापासून स्टेपनी लावून फिरतोय. घर ते बाग चार किलोमीटर, सगळी जांभ्याची वाट. बाकी गाडी डांबरावर नाहीतर हायवेला. मोठा माल टेम्पोने वाशीला जातो, पण ठाणे-डोंबिवलीच्या ओळखीच्या गिऱ्हाइकांच्या वीसेक पेट्या मी स्वतः नेतो, सीझनला सात-आठ फेऱ्या होतात. पावसात बायकोच्या माहेरी कोल्हापूरला जातो, फोंडा घाटाने. मुलगी वर्षाची आहे. वर्षाला 22 हजार किलोमीटर होतात. एक मित्र म्हणतो मड टेरेन, म्हणजे चिखलाचे टायर टाक, तेही 285/60 मापाचे, गाडी उठून दिसेल. दुसरा म्हणतो एवढा खर्च कशाला, मागचे दोनच मड टाक. बाबा म्हणतात, "कंपनीवाल्यांनी हे टायर काय अक्कल नाय म्हणान लावल्यानी?" एक पेटी तुमच्यासाठी बाजूला ठेवली आहे. काय करू ते सांगा.

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या बाबांचं म्हणणं अर्ध्याहून जास्त बरोबर आहे, आणि ते तुम्हाला आवडणार नाही हे पत्राच्या सुरावरून दिसतंच. पण आधी हिशोब करू. बागेची वाट जाऊन-येऊन आठ किलोमीटर. वर्षातले 300 दिवस गेलात असं धरलं तर 2,400 किलोमीटर. तुमची गाडी पळते 22 हजार. म्हणजे शंभरातले अकरा किलोमीटर कातळावर आणि एकोणनव्वद डांबरावर नाहीतर सिमेंटवर. टायर घ्यायला निघालेला माणूस मात्र डोक्यात ते अकराच घेऊन दुकानात शिरतो, कारण टायर फाटला तो तिथे.

मी किलोमीटरच्या आधी दुसरी गोष्ट मोजतो: त्या त्या ठिकाणी टायर कमी पडला तर काय होतं? बागेच्या वाटेवर टायर कमी पडला तर गाडी अडकते किंवा टायर फाटतो. तुम्ही शिव्या घालता, जॅक काढता, फारच झालं तर वाडीतल्या कुणाला तरी दोर घेऊन बोलावता. अर्धा दिवस जातो आणि एका टायरचे पैसे जातात. तोच टायर पावसात, 90 च्या वेगात, पुढच्या ट्रकचे लाल दिवे एकदम पेटल्यावर कमी पडला तर दोर घेऊन बोलवायला कुणी नसतं. म्हणून अशा दोन्हीकडे चालणाऱ्या गाडीचा टायर मी ओल्या हायवेवर तोलून घ्यायला सांगतो, आणि त्यात बसेल तेवढं कातळाचं बळ मागून घ्यायला सांगतो. क्रम उलटा केला की फसलात.

हे मी शहाणपणाने शिकलो नाही. जुन्या जीपला हौसेने मड टेरेन लावले होते. आंबा घाटात, जुलैत, एका वळणावर पुढचा ट्रक थबकला. मी ब्रेक दाबला, चाकं थांबली, जीप थांबली नाही. शेवटी ती डोंगराच्या बाजूच्या गटारात जाऊन विसावली. दरीच्या बाजूला गेली असती तर हे सदर दुसऱ्याच कुणाला तरी लिहावं लागलं असतं. त्या टायरची नक्षी तेव्हा जवळपास नवी होती हे मुद्दाम सांगतो, कारण "घासलेले असतील" असं सगळ्यांनाच वाटतं.

का घसरली ते नीट बघा. मड टेरेनचे गट्टे मोठे आणि सुटे असतात, त्यांच्यामधल्या चऱ्या रुंद असतात. चाक फिरताना चऱ्यांत भरलेला चिखल बाहेर फेकला जावा यासाठी ती जागा असते. पण जिथे जागा आहे तिथे रबर नाही. ओल्या सिमेंटवर ब्रेक लावताना कामाला येतं ते रस्त्याला टेकलेलं रबर आणि त्या रबरावरच्या सुरीने चिरल्यासारख्या बारीक चिरा, ज्या पाण्याचा शेवटचा पातळ थर फोडतात. मड टेरेनमध्ये टेकणारं रबरही कमी आणि चिराही मोजक्याच. सोलापूर-मराठवाड्याच्या काळ्या मातीत पावसात शेतात गाडी घालणाऱ्याला मी हाच टायर घे म्हणेन. ती माती चाकाला अशी लपेटते की साध्या टायरचा दहा मिनिटांत गुळगुळीत गोळा होतो, आणि रुंद चऱ्यांशिवाय तिथे इलाज नाही. तुमच्या वाटेवर तसा चिखल आहेच कुठे? वर पातळ लाल राड, खाली जांभा. तिथे तुम्ही रुतत नाही. घसरता आणि कापले जाता.

त्या कापण्याकडे येतो, कारण तेच तुमचं खरं दुखणं आहे. जांभा खाणीतून ताजा काढला की मऊ असतो, म्हणून तर चिरे सहज कापता येतात. हवा लागत गेली की तो कठीण होतो. गावोगाव वाटेवरचे खड्डे चिरेखाणीतल्या तुकड्यांनी भरतात, आणि दोन-चार वर्षांनी त्या तुकड्यांच्या कडा कोयत्यासारख्या होतात. टायरचा तळ जाड असतो, त्याला फारसं काही होत नाही. फाटते ती बाजू, म्हणजे साइडवॉल. आणि बाजूचं पंक्चर निघत नाही, रबरी वात घाला नाहीतर मशरूम पॅच लावा. कुणी काढून देतो म्हणाला तरी त्या टायरवर हायवेला जाऊ नका.

तुमचे हल्लीचे टायर हायवे टेरेन जातीचे. त्यांची बाजू पातळ आणि खांदा, म्हणजे तळ आणि बाजू मिळतात ती कड, गुळगुळीत. म्हणून बाबांचं म्हणणं अर्धंच बरोबर. कंपनीने हा टायर सगळ्यांसाठी लावला, देवगडच्या कातळी सड्यासाठी नाही.

आता तुमच्या वर्षाकडे पाहू, कारण आंबेवाल्याच्या वर्षाला दोन तोंडं असतात. गाडीत वजन असतं ते मार्च ते मे, रणरणत्या उन्हात, कोरड्या रस्त्यावर. गाडी रिकामी असते ती पावसात, घाटात, मुलीला मागे बसवून. दोन्ही वेळचे धोके एकमेकांपासून अगदी वेगळे आहेत.

उन्हाळ्यातला धोका उष्णतेचा. टायर फुटतो तो बहुतेक वेळा वजन जास्त, हवा कमी आणि वेग सलग, असं तिन्ही जुळून आल्यावर. हवा कमी असली की बाजू प्रत्येक फेऱ्याला वाकते, वाकण्याने आतून तापते, आणि तास-दोन तासांनी आतले थर एकमेकांपासून सुटू लागतात. आपल्याकडे एक समजूत घट्ट बसली आहे, की उन्हाळ्यात हवा कमीच ठेवावी, तापल्यावर फुगते. अहो, ती फुगणार हे धरूनच कंपनीने आकडा दिलेला असतो! सकाळी गाडी हलवायच्या आधी, थंड टायरमध्ये, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे हवा भरा. भरलेल्या गाडीचा आकडा मागच्या चाकांना वेगळा दिलेला असेल तर पेट्या चढवताना तो घ्या. वाटेत तापून दाब तीन-चार पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) वाढला तर काढू नका. आणि नायट्रोजनच्या नादाला लागायची गरज नाही, मोजून भरलेली साधी हवा पुरते.

वजनाचं जरा स्पष्टच बोलतो. पेटी लहान-मोठी धरून 15 ते 20 किलोची म्हटली तरी वीस पेट्या म्हणजे 300 ते 400 किलो. तुमच्या आरसीवर रिकाम्या गाडीचं वजन आणि भरलेल्या गाडीचं कमाल वजन असे दोन आकडे असतील. त्यांतला फरक म्हणजे तुम्ही, बरोबरचा गडी आणि माल, सगळं मिळून. व्ही-क्रॉस दिसायला दांडगी असली तरी ती माल वाहायच्या पिकअपच्या हिशोबाने नोंदवलेली गाडी नाही. तो फरक काढा आणि वीस पेट्या त्यात बसतात का ते पाहा. बसत नसतील तर उरलेल्या टेम्पोत. टायर बदलून गाडीची क्षमता वाढत नाही, दुकानदार काहीही म्हणो.

टायरच्या बाजूवर मापानंतर एक आकडा आणि एक अक्षर असतं, 112 एच किंवा 108 एस असं काहीतरी. आकडा वजनाचा. 108 म्हणजे एक टायर 1,000 किलो पेलतो, 112 म्हणजे 1,120. अक्षर वेगाचं: क्यू 160, एस 180, टी 190, एच 210 किलोमीटर. ऑफ-रोड टायरचं वेगाचं अक्षर खालचं असतं, त्याची चिंता नको, 160 ने तुम्ही आंबे नेणार नाही. वजनाचा आकडा मात्र सध्याच्या टायरपेक्षा खाली आला तर तो टायर घरी आणू नका.

पावसाळ्याची गोष्ट याच्या उलट. मागचा हौदा रिकामा, मागे पाट्यांची स्प्रिंग, जास्त वजन पुढच्या चाकांवर. अशा पिकअपची शेपटी ओल्या वळणावर सुटायला वेळ लागत नाही. त्यात सपाट रस्त्यावर पाणी साचलेलं असलं की टायर पाण्यावर तरंगतो. 1960 च्या दशकात नासाच्या लँगली केंद्रात विमानांच्या टायरवर याचे प्रयोग झाले. त्यातून निघालेला हिशोब असा, की गुळगुळीत टायर किंवा नक्षीपेक्षा खोल पाणी असेल तर तरंगण्याचा वेग टायरमधल्या हवेवर ठरतो. 32 पीएसआयला तो साधारण 94 किलोमीटर निघतो, 24 पीएसआयला 82. हवा कमी असली की टायर लवकर तरंगतो. "पावसात हवा थोडी कमी, ग्रिप चांगली" म्हणणाऱ्या पंक्चरवाल्याला हे सांगून पाहा, मी सांगून थकलो.

कायद्याने चारचाकीला नक्षी किमान 1.6 मिलिमीटर लागते. चरीच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, रबर त्यांच्या बरोबरीला आलं की तेवढीच उरली असं समजायचं. पण ही मर्यादा टायर बाद करायची आहे, फोंडा घाटात ऑगस्टमध्ये जायची नाही. पावसाला सामोरं जाताना तीन मिलिमीटरच्या खाली मी गाडी बाहेर काढत नाही. तुमचे टायर "संपत आलेत" म्हणता, तेव्हा श्रावणातल्या माहेरपणाच्या आधी हे काम उरका, दिवाळीची वाट पाहू नका.

आणि एक. फोर बाय फोर आहे म्हणून ओल्या घाटात भरवसा येतो, तो फसवा आहे. चार चाकांना ताकद मिळाली तर गाडी चढते, सुटते. थांबताना तर कुठल्याही गाडीला चार चाकांवर ब्रेक असतोच. उतारावर 4एच, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी सोय, तुम्हाला एक फूटही आधी थांबवत नाही.

याच फोर बाय फोरमुळे दुसऱ्या मित्राचा सल्ला मोडीत निघतो. व्ही-क्रॉसमध्ये 4एच घातलं की पुढचा आणि मागचा ॲक्सल एकमेकांना बांधले जातात, मधे दोघांचा फरक गिळणारा डिफरन्शियल नाही. मागे उंच नक्षीचे नवे मड आणि पुढे झिजलेले हायवे टायर असले की दोन्हींचा घेर वेगळा, म्हणजे एका फेऱ्यात कापलेलं अंतरही वेगळं. तो फरक कुठेतरी जिरायलाच हवा. सैल मातीत चाक घसरून जिरतो, घट्ट जमिनीवर तो गिअरच्या पेटीत आणि शाफ्टमध्ये ताण होऊन साठतो. चारही टायर एका मापाचे, एका मेकचे, एका नक्षीचे हवेत. वाचवलेले पैसे ट्रान्सफर केस, म्हणजे पुढे-मागे ताकद वाटणारी पेटी, खोलताना दुपटीने जातील. शिवाय ओल्या रस्त्यावर पुढची चाकं एका स्वभावाची आणि मागची दुसऱ्या, ही गाडी वळणावर काय करेल ते तिलाच ठाऊक.

खरं तर चार नाही, पाच घ्या. तुमची स्टेपनी आत्ता वापरात आहे, आणि ज्याच्या वाटेवर टायर बाजूने फाटतात त्याची स्टेपनी वेगळ्या घेराची असून चालणार नाही. पाचही टायर दर आठ-दहा हजार किलोमीटरला एकमेकांच्या जागी फिरवत राहिलात तर सगळे सारखे झिजतील आणि पाचव्याचे पैसे वाया जाणार नाहीत.

आता 285/60. आकड्यांचा अर्थ साधा आहे. 255 म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, 60 म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या 60 टक्के, 18 म्हणजे रिमचा व्यास इंचांत. तुमच्या टायरचा एकूण व्यास येतो 763 मिलिमीटर, 285/60 चा 799. म्हणजे पावणेपाच टक्के मोठा. हिशोबाने काटा 100 दाखवेल तेव्हा गाडी पावणेपाचने जास्त पळत असेल. उंची मात्र वाढेल फक्त 18 मिलिमीटर, कारण व्यासाचा अर्धाच भाग गाडीखाली येतो. अठरा मिलिमीटर म्हणजे बोटाची रुंदी, आणि त्यासाठी जड चाक ओढायचं, ब्रेकला जास्त काम लावायचं, पूर्ण वळवल्यावर मडगार्डला घासतंय का ते बघत बसायचं. वर रुंद टायर साचलेल्या पाण्यावर आधी तरंगतो ते वेगळंच. गाडी उठून दिसेल, हे मित्राचं खरं आहे. पण तुमची गाडी बाहेरून बघणार तो, आत बसणार तुम्ही.

255/60 मध्ये मनासारखा टायर दुकानात मिळाला नाही तर 265/60 आर 18 चालवून घेता येईल. व्यास 775, फरक दीड टक्क्याच्या आसपास. फॉर्च्युनर फोर बाय फोरचं हे माप असल्याने निवडीला वाव जास्त. फक्त रिमच्या मागे तिची रुंदी कोरलेली असते ती पाहा. या मापाला साडेसात इंचांच्या खालची रिम नको.

तर घ्यायचं काय? ऑल टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्ची वाट दोन्हींसाठीचा टायर. पण त्यातला सौम्य. ऑल टेरेन ही एकच जात असल्यासारखं दुकानात बोलतात, तसं नाही. एका टोकाला हायवे टायरलाच जरा दातेरी खांदे दिलेले, दुसऱ्या टोकाला मड टेरेनचे धाकटे भाऊ. योकोहामाचा जिओलँडर एटी पहिल्या बाजूला झुकतो, बीएफगुडरिचचा ऑल टेरेन टीए दुसऱ्या. हा दुसरा 1976 पासून चालत आलेला जुना वाण आहे, अंगाने दणकट आणि जड. आपल्याकडच्या अपोलो, सिएट, एमआरएफ, जेके यांच्याही अशा टायरच्या ओळी आहेत. मी नाव घेऊन "हाच घ्या" म्हणत नाही, कारण तुमच्या मापात त्या दिवशी सिंधुदुर्गात किंवा कोल्हापुरात काय आहे यावर बरंच ठरतं. दुकानात टायर आडवा ठेवायला सांगा आणि बोटाने तपासा. मधल्या गट्ट्यांवर भरपूर चिरा आहेत का, आणि त्या खोलवर गेल्यात की वरवर कोरल्यासारख्या आहेत. वरवरच्या चिरा अर्ध्या वयात पुसल्या जातात आणि मग तो टायर पावसाचा राहत नाही. त्यानंतर खांद्यावरून बाजूला उतरलेले जाड दात आहेत का ते बघा. तुमच्या जांभ्याला उत्तर म्हणजे हे दात.

दुकानदार कदाचित एलटी, म्हणजे लाइट ट्रकचा टायर दाखवेल, मापाच्या आधी ही अक्षरं असतात. त्याची बाजू जास्त थरांची, कापायला कठीण. रोज कातळ असता तर मी तोच सुचवला असता. पण एलटीला तेवढंच वजन पेलायला हवा जास्त लागते, म्हणजे स्टिकरवरचा आकडा तसाच वापरता येत नाही, आणि रिकाम्या गाडीत तो दगडासारखा उसळतो. अकरा टक्क्यांसाठी मुलीला कोल्हापूरपर्यंत उसळवत नेऊ नका. साधा, पण वजनाच्या चढ्या आकड्याचा टायर घ्या, बाजूवर एक्सएल, म्हणजे एक्स्ट्रा लोड, लिहिलेलं असेल.

एम प्लस एस अशी खूण दिसली तर तिचे जादा पैसे देऊ नका, ती मड आणि स्नोची कंपनीने स्वतःच मारलेली खूण असते. डोंगरात बर्फाचा कण काढलेली खूण मात्र चाचणीनंतर मिळते. पण देवगडात बर्फ पडायला लागला तर आंब्याचंच काय होईल, टायरचं नंतर बघू. पाहायची खूण दुसरी आहे: बाजूवरचे लंबगोलातले चार आकडे. 1425 असेल तर 2025 सालच्या चौदाव्या आठवड्यातला टायर. ऑफ-रोड टायर कमी खपतात, गोदामात पडून राहतात. वर्षापेक्षा जुना असेल तर दुसरा मागा, पाचही टायरवर बघा, एकावर बघून बाकीचे गृहीत धरू नका. आयएसआयची खूणही असायलाच हवी.

आवाजाचं विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं. मड टेरेन साठच्या पुढे घुमायला लागतो आणि झिजत जाईल तसा जास्त. तळकोकणातल्या सिमेंटच्या हायवेचा स्वतःचा आवाज असतोच, त्यात ही भर. ठाण्यापर्यंतच्या आठ-दहा तासांनी डोकं उठतं, आणि दमलेला ड्रायव्हर हाही एक धोकाच. सौम्य ऑल टेरेनचा आवाज पहिल्या दोन दिवसांत जाणवतो, मग विसरायला होतो. डिझेल थोडं जास्त लागेल, ते धरून चाला.

आता सगळ्यात स्वस्त सल्ला, जो टायरवाला देणार नाही. चार किलोमीटरच्या वाटेत गाडी खरी दुखावते ती दोन-तीन ठिकाणी. कुठे, ते तुम्हाला डोळे मिटून सांगता येईल. तिथले धारदार तुकडे घणाने फोडा, वर दोन ट्रॉल्या मुरूम पसरा, पावसाआधी कडेला पाणी जायला चर काढा. एका टायरच्या पैशात हे होऊन वर उरतील. आणि त्या जागी चाक दगडाच्या कडेला घासत नेण्याऐवजी सरळ दगडावर चढवा. घाबरून दगड टाळायला जाता आणि बाजू कापून घेता, तळाला चढू द्या, तो त्यासाठीच जाड असतो.

फारच घसरगुंडी असेल तेव्हा हवा 20-22 पर्यंत उतरवून हळू गेलात तर रबर जास्त पसरतं आणि पकड वाढते, हे खरं. पण फुगलेली बाजू जांभ्याला आयती मिळते. तुमच्या वाटेवर ही युक्ती लाल राडीच्या चढापुरती ठेवा. हौद्यात 12 व्होल्टचा कंप्रेसर असेल तरच करा, आणि डांबर लागायच्या आत हवा पुन्हा भरा. नवे टायर आले म्हणून किनाऱ्यावरच्या वाळूत गाडी घालायची हौस मात्र येऊ देऊ नका. खारं पाणी गाडी आतून खातं, पोलीस कारवाई करतात, आणि हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यांवर कासवांची अंडी असतात.

टायर बसवताना अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग दोन्ही करून घ्या, नवे व्हॉल्व्ह घाला, आणि पहिल्या शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळून घ्या. पहिले तीन-चारशे किलोमीटर ब्रेक जपून, नव्या रबरावर एक गुळगुळीत थर असतो तो जायला वेळ लागतो. म्हणजे टायर बसवून त्याच दिवशी फोंडा घाट नको.

पेटी गिऱ्हाइकाला द्या. त्याऐवजी दहा हजार किलोमीटर झाले की पाचही टायरची नक्षी मोजून आकडे मला कळवा. खोली मोजायचा गेज स्वस्तात मिळतो. बाबांनाच मोजायला सांगा, ते आकडा वाढवून लिहिणार नाहीत.